पावसाळ्यात खुराडं कोरडं ठेवायचं तर

मृग लागायच्या आधी भाताच्या गिरणीवरून दोन गोणी तूस आणून ठेवा. तूसच हवं, कोंडा नको. कोंड्याला दमट हवेत बुरशी धरते आणि कोंबड्या तोच टोचत बसतात. खुराड्यात तीन-चार इंच जाड थर द्या. तो खालीवर करायला रोज खराटा घेऊन वाकायची गरज नाही. संध्याकाळी मूठभर कणी त्यावर फेका, कोंबड्या उकरून उकरून तुमचं काम करतात.

तूस बदलायचं कधी? मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर सुटं झालं तर ठीक, गोळा राहिला किंवा नाकाला झोंबलं तर ओला भाग त्याच दिवशी काढा. ओलीतच रक्ती हगवण पसरते, आणि तिला आधी बळी पडतात ती पिल्लं. निम्मी ओल तर पाण्याच्या भांड्यानेच होते. ते विटांवर, कोंबडीच्या पाठीइतकं उंच ठेवा.

नैऋत्येकडून येणारी झड अडवायला त्या बाजूला झावळीची विणलेली झापं बांधा. वर वीतभर फट मात्र सोडा. आमच्याकडे एका वर्षी सगळं गच्च बंद केलं, तर आत घुसमट होऊन वास सुटला.

चुलीची राख तुसात मिसळू नका. कोरड्या मातीबरोबर घमेल्यात ठेवा, कोंबड्या त्यात लोळतात नि उवा कमी होतात. काढलेलं तूस दोन-तीन महिने आडोशाला कुजवून मगच माडाच्या आळ्यात घाला. ताजी विष्ठा मुळं जाळते.