अर्धवेळ नोकरी घेण्याआधी करायचे हिशेब

घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर ‘चारच तासांचं काम आहे’ एवढ्यावर हुरळून जाऊ नका. ते तास कोण ठरवतं आणि बदलायचे झाले तर किती दिवस आधी सांगतं, हे पहिल्या भेटीतच विचारा.

सगळ्यात फसवी वेळ म्हणजे तुटक पाळी. क्लास, सलून, डॉक्टरांचे दवाखाने अशा ठिकाणी सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ७ असं सर्रास सांगतात. कागदावर चार तास, पण जाण्यायेण्याच्या फेऱ्या चार, आणि संध्याकाळी मुलाला सांभाळायला कोणीतरी लागतंच. सलग चार तास मिळत असतील तर थोडा कमी पगारही परवडतो.

परवडतो की नाही, ते आकड्यांत बघा. समजा पगार ९,००० रुपये, रोज ४ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १०४ तास. तासाला साधारण ८६ रुपये पडले. आता रोजचा दीड तास प्रवास धरा, म्हणजे आणखी ३९ तास. भाड्याचे १,००० आणि पाळणाघराचे ३,००० वजा करा. उरलेल्या ५,००० ला १४३ ने भागलं की तासाला ३५ रुपये. हा आकडा समोर ठेवूनच पगाराचं बोलणं करा.

‘अर्धा वेळ, अर्धा पगार’ हेही निमूटपणे मान्य करू नका. महाराष्ट्रातल्या किमान वेतनाच्या अनेक अधिसूचनांमध्ये अर्धवेळ कामगाराचा ताशी दर काढताना दिवसाच्या वेतनाला ८ ने भागून वर १५ टक्के वाढ द्यायची तरतूद आहे. उदाहरणापुरतं मासिक किमान वेतन १३,००० धरू. भागिले २६ म्हणजे दिवसाचे ५००, तासाचे ६२.५०, आणि १५ टक्के धरून सुमारे ७१.८८. १०४ तासांचे जवळपास ७,४७५ रुपये होतात, ६,५०० नाही. तुमच्या उद्योगाची अधिसूचना, तुमचं परिमंडळ (किमान वेतनासाठी ठरवलेला भाग) आणि महागाईनुसार दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता एवढं पाहून घ्या.

‘पार्टटाइमला पीएफ (भविष्य निर्वाह निधी) नसतो’ हे मालकाचं आवडतं वाक्य, आणि ते खोटं आहे. २० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत १५,००० पर्यंत पगार असलेल्यांना पीएफ लागू होतो, तास कितीही असोत. तो टाळण्यासाठी तुम्हाला नोकर न दाखवता पगाराऐवजी ‘प्रोफेशनल फी’ देऊन टीडीएस (आयकराची आगाऊ कपात) कापायची पळवाट काढली जाते. वेळ, जागा आणि काम मालक ठरवत असेल तर अशा कागदावर सही करू नका.

ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तर घरच्यांना सांभाळणाऱ्या माणसासाठी पीएफपेक्षाही मोलाचं. १० किंवा अधिक कामगार आणि पगार २१,००० पर्यंत असला की ते लागू होतं. तुमच्याकडून कापले जातात फक्त ०.७५ टक्के, आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात. एक अडचण मात्र कोणी सांगत नाही. स्वतःच्या आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता हवा असेल तर सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. आठवड्याला तीन दिवस काम, गुणिले २६ आठवडे, बरोबर ७८. एक बिनपगारी खाडा झाला की भत्ता गेला. घरातल्या कोणाचं डायलिसिस ठरलेल्या वारी असतं म्हणून तीन पूर्ण दिवसांची नोकरी घेत असाल, तर चौथा दिवस थोडक्या तासांचा का होईना, मागून घ्या.

नेमणूकपत्रात कामाचे वार, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, वेळ बदलण्याआधी किती दिवसांची सूचना, जादा तासांचा दर आणि पगारी रजा एवढं तरी लिहून घ्या. ‘गरजेनुसार’ हा शब्द दिसला की खोडायला सांगा. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या शाळेच्या सुट्टीत काय करायचं, तेही आत्ताच ठरवा. तेव्हा पाळणाघरं भरलेली असतात. घरी गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं काम धरलं तर चाराचे पाच तास होतात, म्हणून त्याचीही मर्यादा ठरवा.

पहिल्या महिन्यापासून आल्या-गेल्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा आणि पगार बँकेतच घ्या. पीएफ खरंच भरला जातोय का, ते सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून दुसऱ्या महिन्यातच तपासा. नोंद नसेल तर आधी मालकाला लेखी विचारा. तरीही हालचाल नसेल तर पीएफची तक्रार ईपीएफओ या पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर करा आणि वेतनाची सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. सोबत वहीच्या पानांच्या प्रती, बँकेच्या नोंदी आणि मेसेज जोडा.