टोमॅटोचे शेंडे मुरडले? तणनाशकही तपासा, आणि ‘टिश्यू कल्चर’च्या रोपांवर विसंबू नका

पुनर्लागवड होऊन रोपे जीव धरतात, त्याच सुमारास आजूबाजूच्या शेतांत आणि बांधांवर तणनाशकाच्या फवारण्या सुरू होतात. आठवड्याभरात टोमॅटोचे शेंडे वाकडे झाले की पहिला संशय विषाणूवर जातो. मग विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी एक फवारणी, वर टॉनिक, आणि झाड आहे तसेच. औषध आणण्याआधी झाड नीट पाहून घ्या.

२,४-डी हे रुंद पानांच्या तणांवरचे तणनाशक टोमॅटोला अगदी सूक्ष्म मात्रेतही सोसत नाही. एक-दोन दिवसांत देठ खाली वळतात, शेंडा पिळवटतो. त्यानंतर फुटणारी पाने अरुंद, पट्टीसारखी असतात आणि त्यांच्या शिरा जवळजवळ, एकमेकींना समांतर धावतात. खोड जाड होऊन चिरते, फळे टोकदार किंवा वेडीवाकडी होतात. ग्लायफोसेट या तणनाशकाची खूण वेगळी. कोवळ्या पानाच्या बुडाशी, देठाला लागून पिवळा-पांढरा पट्टा दिसतो, जुनी पाने मात्र बराच काळ हिरवी राहतात. पॅराक्वाटचा थेंब जिथे पडला तेवढीच जागा करपते, नंतरची पाने स्वच्छ येतात. आधीच्या मक्यातले अ‍ॅट्राझिन जमिनीत उरले असेल तर खालची पाने कडेकडून पिवळी पडू लागतात.

विषाणूची झाडे शेतात इथे एक, तिथे एक अशी सुटी दिसतात आणि त्यांची संख्या हळूहळू वाढते. वाऱ्याने आलेल्या तणनाशकाचा मार एकाच वेळी, एका बाजूने बसतो. बांधाकडच्या ओळी जास्त, आतल्या कमी. त्याच पट्ट्यातली रुंद पानांची तणेही पिळवटलेली असतील तर शंकाच नको. काकडी मोझॅक विषाणूनेही पाने दोरीसारखी होतात, त्यामुळे नुसत्या एका पानावरून निकाल देऊ नका.

बचाव फवारणीच्या वेळीच करायचा असतो; झाडात शिरलेल्या ग्लायफोसेटवर किंवा २,४-डीवर उतारा नाही. शेजाऱ्याला २,४-डी वापरायचेच असेल तर त्याच्या एस्टर प्रकाराऐवजी अमाइन क्षार हा प्रकार वापरायला सांगा, कारण एस्टरची वाफ उन्हात उडून लांब जाते. वारा टोमॅटोकडून बाहेर वाहत असताना, मोठ्या थेंबांचा नोझल आणि कमी दाब ठेवून, नोझलभोवती हुड (झाकण) लावून फवारणी व्हावी. पहाटेची एकदम स्तब्ध हवा बरी वाटते खरी, पण तेव्हा बारीक तुषार जमिनीलगत तरंगत भलतीकडेच पोचतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. २,४-डी मारलेल्या पंपाच्या नळीत आणि वॉशरमध्ये उरलेला अंशसुद्धा पुढच्या बुरशीनाशकाबरोबर टोमॅटोवर जातो, नुसते पाण्याने विसळून तो निघत नाही. लेबलवर टोमॅटोसाठी परवानगी असलेले मेट्रिब्युझिन हे तणनाशकही कोवळ्या रोपांवर किंवा सलग ढगाळ दिवसांनंतर मारू नका. अशा वेळी झाडाला ते पचवता येत नाही.

शेणखताकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पिक्लोरॅम किंवा क्लोपायरॅलिड ही तणनाशके मारलेल्या शेतातला चारा जनावराने खाल्ला तर ते रसायन शेणातूनही बाहेर पडते आणि खतात टिकते. शंका असेल तर एका कुंडीत ते खत किंवा माती आणि दुसरीत खात्रीची माती घेऊन दोन्हींत घेवडा किंवा टोमॅटो पेरा. तीन आठवड्यांत फरक दिसतो.

आता टिश्यू कल्चरविषयी. ‘प्रयोगशाळेतले रोप आहे, तणनाशकाला दाद देत नाही’ असे कुणी सांगितले तर सावध व्हा. टिश्यू कल्चर म्हणजे ऊती संवर्धन, झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोप वाढवणे. त्याने रोप तयार होते. सहनशीलता आपोआप येत नाही. ती मिळवायची तर बीजपत्राचे (रोपाच्या पहिल्या पानाचे) तुकडे पोषक माध्यमावर वाढवतात, पेशींचा गोळा म्हणजे कॅलस तयार करतात आणि बहुतेक पेशी मरतील इतके तणनाशक माध्यमात घालतात. वाचलेल्या पेशींना पुन्हा त्याच परीक्षेला बसवतात आणि शेवटी त्यांच्यापासून कोंब फुटवतात. पॅराक्वाट सहन करणाऱ्या टोमॅटो पेशी १९८२ मध्येच अशा निवडल्या गेल्या. तंबाखूत क्लोरसल्फ्युरॉन या सल्फोनिल युरिया गटातल्या तणनाशकाला न जुमानणाऱ्या पेशींपासून झाडे झाली आणि तो गुण पुढच्या पिढीत उतरला, हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही युक्ती प्रत्येक रसायनाला सारखी लागू पडत नाही. ग्लायफोसेट आणि सल्फोनिल युरिया गटातली तणनाशके अमिनो आम्ले बनण्याची वाट अडवतात, त्यामुळे त्यांची चाचणी साध्या पेशीतही होते. अ‍ॅट्राझिन आणि मेट्रिब्युझिन प्रकाशसंश्लेषण रोखतात. साखरेवर पोसलेल्या कॅलसला त्याची फिकीरच नसते, म्हणून तो जगला तरी काही सिद्ध होत नाही. २,४-डीची तर गंमतच आहे. शेतात टोमॅटोला मारणारे हेच रसायन प्रयोगशाळेत अल्प मात्रेत कॅलस वाढवण्यासाठी वापरतात.

वाचलेल्या पेशीही कधी कधी नुसत्या रसायनाला सरावलेल्या असतात. माध्यमातून ते काढले की गुणही जातो. फार दिवस कॅलसमध्ये राहिलेल्या पेशींत टोमॅटोच्या २४ गुणसूत्रांचा हिशेब बिघडतो, आणि अशी झाडे वांझ निघू शकतात. सगळे जुळून आले तरी सहनशीलता एका रसायनापुरती किंवा त्याच्या गटापुरतीच असते. ग्लायफोसेट सोसणारे झाड २,४-डीने पिळवटणारच. जनुक घालून ग्लायफोसेट सहन करणारा टोमॅटो १९८७ मध्ये प्रयोगात तयार झाला होता, पण १९९४ मध्ये बाजारात आलेला जनुकीय टोमॅटो उशिरा मऊ पडणारा होता, तणनाशक सोसणारा नव्हे.

म्हणून अशी रोपे देऊ करणाऱ्याला लेखी विचारा: सहनशीलता नेमक्या कोणत्या रसायनाला, किती मात्रेला, आणि बियांपासून आलेल्या पुढच्या पिढीत ती तपासली आहे का? ते रसायन टोमॅटोवर वापरायला लेबलची परवानगी आहे का, हेही विचारा. उत्तरे गोलमोल आली तर ते नेहमीचेच रोप समजा आणि नेहमीचीच किंमत द्या.