पश्चिमेच्या गॅलरीची पडवी

रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर आमची गॅलरी: नऊ फूट बाय चार, तोंड थेट पश्चिमेला. फ्लॅट घेतला तेव्हा फोटो बघून बघून मी प्लॅस्टिकची हिरवळ, बांबूचा पडदा आणि लोखंडी टेबल-खुर्च्या आणल्या. पहिल्याच पावसाळ्यात हिरवळीखाली शेवाळ धरलं, पडदा बुरसटला आणि खुर्चीच्या पायांचे तांबडे गोल फरशीवर उमटले. ते अजून निघालेले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "अगो, ही पडवी आहे. पडवीत गालिचा कोण घालतं?"

तेव्हापासून पडवी समजूनच मांडते.

एक रुपयाही घालवण्याआधी दाराच्या उंबऱ्याशी बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं बघत बसा. चार फुटांना अर्धा इंच तरी उतार हवा. पाणी मध्येच थबकलं तर आधी गवंडी बोलवा, कुंड्या नंतर. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात झड आडवी येते. पाणी जायच्या भोकात चार पानं अडकली की सगळं हॉलमध्ये. माझ्याकडे सोफ्याखालपर्यंत आलं होतं. भोकाला जाळी बसवा आणि कुंड्या चिऱ्याच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, म्हणजे खालून झाडू फिरतो.

तुकडेच हं. चिऱ्यांचा कट्टा बांधायचा मोह सगळ्यांना होतो, पण एकेक चिरा पंचवीस किलोच्या पुढे जातो. ओल्या मातीची बारा इंची कुंडीही जवळपास तेवढीच भरते. म्हणून जड कुंड्या घराच्या भिंतीलगत, कठड्याकडे हलक्या. मातीत निम्मा नारळाचा भुसा घातला की वजन उतरतं. मात्र घरच्या नारळांची सोडणं कुटून तशीच घालू नका, त्यात क्षार असतात. बादलीत भिजत घाला. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. ते ओतून नवं घाला, फिकं येईपर्यंत. मला पाच-सहा दिवस लागतात.

झड अडवायला ताडपत्री ताणून बांधलीत तर ती शिडासारखी फुगते आणि हुकासकट भिंत उपटते. जुन्या घरी पडवीला माडाची झापं बांधायचे, त्यांच्या विणीतून वारा निसटायचा. इथे तेच काम शेडनेट करतं. गाठी मात्र सुटायला सोप्या ठेवा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं, तेव्हा माझी टांगती कुंडी खाली पार्किंगमध्ये सापडली. कुणाच्या डोक्यात पडली नाही, हे नशीब. आता कठड्याच्या बाहेर काहीही टांगत नाही.

खारा वारा लोखंडाला सोडत नाही, रंग कितीही द्या. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवरसुद्धा तांबूस ठिपके येतात. ३१६ टिकतं, पण महाग. म्हणून फक्त हुक आणि स्क्रू त्याचे घेतले. टेबलाऐवजी गावच्या घरातली फणसाची जुनी फळी पितळी बिजागऱ्यांवर भिंतीला लावली. चहापुरती उघडते, एरवी भिंतीला चिकटलेली.

झाडांचं म्हणाल तर कठड्याशी बोगनवेल, सदाफुली, कोरफड. मोगरा, कढीपत्ता, तुळस त्यांच्या आडोशाला. पानांची टोकं करपली तर एक पान जिभेला लावून बघा. खारट लागलं तर खताच्या मागे लागू नका, गोड्या पाण्याने पानं धुवा.

आणि कपड्यांची दोरी! सुंदर गॅलऱ्यांच्या फोटोंत ती कधीच दिसत नाही. मी पहिल्यांदा तिचीच जागा धरते, छताला पुलीवर, म्हणजे कपडे डोक्याच्या वर राहतात. त्याखालची मधली पाच फूट जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. मे महिन्यात तिथे आंबापोळीची ताटं आणि आमसुलं वाळत घातलेलं सूप असतं. मिरगाच्या दोन दिवस आधी ताटं आत जातात, बिजागऱ्यांना खोबरेल लागतं, जाळी साफ होते आणि शेडनेट चढतं.