‘युनोने ठरवले’ असे लिहिताना या चुका टाळा

आंतरराष्ट्रीय संघटनांविषयीच्या बातम्यांत आणि स्पर्धा परीक्षांच्या उत्तरांत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: सगळ्या संघटनेचे एकच मत असते असे धरून चालणे. निर्णय संघटनेच्या कोणत्या अंगाने घेतला, तो किती मतांनी झाला आणि कोणावर बंधनकारक आहे, हे न सांगता ‘युनोने ठरवले’ असे लिहिले, तर वाचकाला काहीच कळत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. ‘युनेस्कोने बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला’, असे जुलै २०२५ मध्ये सर्वत्र छापून आले. वस्तुतः निर्णय जागतिक वारसा समितीचा होता. जागतिक वारशाविषयीच्या १९७२ च्या करारात सहभागी असलेल्या देशांतून निवडून आलेल्या २१ देशांची ही समिती असून, पॅरिसमधले युनेस्कोचे अधिकारी तिचे सचिवालय सांभाळतात, मतदान करत नाहीत. ‘तज्ज्ञांनी मान्यता दिली म्हणून दर्जा मिळाला’ हे विधानही तपासूनच करावे. सांस्कृतिक स्थळांबाबत इकोमॉस आणि नैसर्गिक स्थळांबाबत आययूसीएन या संस्था शिफारस करतात, परंतु ती समितीवर बंधनकारक नसते. पश्चिम घाटाचा प्रस्ताव लांबणीवर टाकावा, अशी आययूसीएनची शिफारस असूनही २०१२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे समितीने कास पठार आणि कोयनेसह ३९ स्थळे यादीत घेतली. सदस्य देशांची राजनैतिक मोर्चेबांधणी लक्षात घेतल्याखेरीज असे निर्णय उलगडत नाहीत.

याच विषयातली दुसरी चूक अधिक महागात पडते. दर्जा मिळाला म्हणजे देखभाल युनेस्को करील, असे समजून तक्रारी भलत्याच दारी नेल्या जातात. साल्हेर, राजगड, प्रतापगड आणि खांदेरी हे किल्ले राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत आणि उरलेले आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. ढासळलेल्या तटबंदीचे निवेदन तिथेच द्यायला हवे. समिती विचारणा करू शकते, स्थळ धोक्याच्या यादीत टाकू शकते आणि अखेरीस नावही वगळू शकते. जर्मनीतील ड्रेस्डेनजवळच्या एल्ब खोऱ्याचे नाव एका पुलामुळे २००९ मध्ये असेच वगळले गेले. पूल मात्र समितीला थांबवता आला नाही.

सुरक्षा परिषदेबाबत तटस्थ राहणे आणि नकाराधिकार वापरणे यांची गल्लत होते. कार्यपद्धतीखेरीजच्या ठरावाला पंधरापैकी नऊ अनुकूल मते लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणाचेही विरोधी मत चालत नाही. तटस्थ राहिलेले चालते. लिबियाविषयीचा १९७३ क्रमांकाचा ठराव मार्च २०११ मध्ये दहा मतांनी संमत झाला, तेव्हा रशिया आणि चीन हे दोन्ही कायम सदस्य तटस्थ होते. (तटस्थांत भारतही होता.) याउलट फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनविषयीचा मसुदा अकरा मते मिळूनही एकट्या रशियाच्या विरोधामुळे पडला.

पुढच्याच आठवड्यात आमसभेने त्याच विषयावर १४१ विरुद्ध ५ मतांनी ठराव केला आणि अनेकांनी दोन्ही घटना एकाच मापाने मोजल्या. कोणता ठराव कोणाचा याविषयी शंका असेल तर दस्तऐवजाचा क्रमांक पाहावा: आमसभेच्या ठरावाची सुरुवात ‘ए’ने होते, सुरक्षा परिषदेच्या ठरावाची ‘एस’ने. महासचिवांचे निवेदन यांपैकी कशातच मोडत नाही.

आमसभेचे राजकीय ठराव सदस्य देशांवर बंधनकारक नसतात, हे खरे. मात्र तेवढ्यावरून तिला निव्वळ चर्चेचे व्यासपीठ म्हणू नये, कारण संघटनेचा अर्थसंकल्प तीच संमत करते आणि तिने ठरवलेली वर्गणी भरणे सदस्यांना बंधनकारक असते. दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाली, तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम १९ नुसार त्या देशाला आमसभेत मत देता येत नाही. नाइलाजाने थकली असेल, तर आमसभा सूट देऊ शकते.