प्रोटिअसमधलं सिम्युलेशन पीसीबीवर नेताना

प्रोटिअस या सर्किट काढून चालवून बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये एलईडी लुकलुकली, एलसीडीवर अक्षरं उमटली, की हात लगेच पीसीबी (तांब्याच्या रेघांचा छापील सर्किट बोर्ड) लेआउटच्या टॅबकडे जातो. जरा थांबा. सिम्युलेशन चालावं म्हणून प्रोटिअस वीज, क्लॉक, रीसेट हे सगळं परस्पर धरून चालतो. तांब्यावर मात्र तुम्ही काढाल तेवढंच येतं. खालचं सगळं एटीमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप (२८ पिनांची डीआयपी, म्हणजे पायांच्या दोन ओळींची) आणि १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल धरून आहे. मूळ फाइल जपून ठेवा आणि तिच्या कॉपीत काम करा.

सगळ्यात जास्त बोर्ड वाया जातात ते लपलेल्या पिनांमुळे. चिपच्या चिन्हावर ७ नंबरची व्हीसीसी आणि ८ व २२ नंबरच्या ग्राउंड पिना दिसत नाहीत. त्या 'व्हीसीसी' आणि 'ग्राउंड' नावाच्या नेटला (एकमेकींना जोडलेल्या पिनांच्या गटाला) आतून जोडलेल्या असतात. तुम्ही पॉवर टर्मिनलला '+५ व्होल्ट' असं लेबल दिलं असेल, तर लेआउटमध्ये ही दोन वेगळी नेट होतात. सिम्युलेशन छान चालतं, बोर्डवर ७ नंबरची पिन लोंबकळत राहते. टर्मिनलचं लेबल 'व्हीसीसी' करा आणि लेआउटमध्ये त्या पॅडपर्यंत रॅट्सनेस्टची (कुठली पिन कुठे जोडायची ते दाखवणारी) रेघ येते का ते डोळ्यांनी बघा.

आता जे काढलंच नव्हतं ते काढा. ९ आणि १० नंबरच्या पिनांवर क्रिस्टल, त्याच्या दोन्ही टोकांकडून ग्राउंडला २२ पिकोफॅरडचा एकेक कपॅसिटर. १ नंबरच्या रीसेटला १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे व्हीसीसीला जोडणारा रेझिस्टर. २० नंबरची एव्हीसीसी (चिपच्या ॲनालॉग भागाची वीज) त्याच व्हीसीसीला. ७ आणि २० दोन्हींजवळ १०० नॅनोफॅरड, अगदी पिनेला खेटून. दोन इंच लांब ठेवलेला कपॅसिटर नसल्यासारखाच. प्रोग्रामिंगसाठी सहा पिनांचा हेडर आणि वीज आत यायला टर्मिनल ब्लॉक. सिम्युलेशनमध्ये वीज कुठून येते हा प्रश्नच पडत नाही, त्यामुळे हा ब्लॉक हमखास विसरतो. ज्या भागांना मॉडेल नाही त्यांच्यावर 'एक्सक्लूड फ्रॉम सिम्युलेशन'ची खूण करा. व्हर्च्युअल टर्मिनल, ऑसिलोस्कोप या फक्त स्क्रीनवरच्या उपकरणांवर 'एक्सक्लूड फ्रॉम पीसीबी लेआउट'ची.

मग पॅकेज, म्हणजे भागाचा बोर्डवरचा आकार आणि पॅडच्या जागा. ॲनिमेटेड एलईडी आणि पुश बटणाला बहुधा पॅकेज नसतं. राइट क्लिक करून पॅकेजिंग टूलमधून ते जोडा. चिपला अरुंद डीआयपी लागतं, दोन ओळींमधलं अंतर ७.६२ मिमी. रुंद पॅकेजमध्ये ते १५.२४ असतं आणि चिप बसतच नाही. ट्रान्झिस्टरचं पॅकेज नावावरून निवडू नका: बीसी५४७ सपाट बाजूने कलेक्टर-बेस-एमिटर आहे, २एन३९०४ बरोबर उलटा.

हे सगळं झालं की लेआउटचा १:१ मापाचा प्रिंट काढा आणि तो घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत अंतर आहे. काउंटरवरच रिले, बटण, टर्मिनल ब्लॉक कागदावर ठेवून बघा. पाय पॅडवर पडत नसतील तर बोर्ड बनवण्याआधीच कळलेलं बरं. तिथे मिळणारा भाग आणि लायब्ररीतला भाग एकच असेल, असं धरून चालू नका.

घरी एच करणार (नको असलेलं तांबं रसायनाने काढणार) असाल तर सिग्नलच्या ट्रॅकला किमान ०.६ मिमी आणि विजेच्या ट्रॅकला १ मिमीहून जास्त रुंदी द्या. टोनर ट्रान्सफर करताना (कागदावरची लेझर छपाई उष्णतेने तांब्यावर उतरवताना) खालचा थर मिरर न करता छापायचा. इथे उलट झालं की चिप आरशातली होते. फेरिक क्लोराइड (एच करायचं रसायन) सिंकमध्ये ओतू नका. आपल्या पावसाळी हवेत उघडं तांबं पटकन काळवंडतं, म्हणून एच झाल्यावर स्टील वूलने घासून त्याच दिवशी सोल्डर करा.

बोर्ड चालला, पण एका सेकंदाची ब्लिंक सोळा सेकंदांची झाली, तर वायरिंग तपासत बसू नका. कोरी चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झला आठने भागून १ मेगाहर्ट्झवर धावते; १६ मेगाहर्ट्झ फक्त प्रोटिअसच्या खिडकीत भरलेले होते. लो फ्यूज (चिपमधली क्लॉक ठरवणारी सेटिंग) हेक्स ६२ वरून हेक्स एफएफ करा, पण क्रिस्टल सोल्डर झाल्यावरच. आधी केलात तर चिपला क्लॉकच मिळणार नाही आणि प्रोग्रामरला ती सापडणार नाही.