एप्रिलमध्ये गरीब संघ जिंकायला लागला, की वहीत काय टिपायचं

पिट्सबर्गमध्ये राहून पायरेट्स या बेसबॉल संघाच्या नादी लागलेल्या माणसाला एप्रिल महिना जरा जपूनच काढावा लागतो. २०२३ साली आमच्या संघाने पहिल्या २८ सामन्यांत २० जिंकले. ज्यांना चेंडू टाकणारा पिचर कोण आणि तो झेलणारा कॅचर कोण हेही धड सांगता येत नाही, अशी ऑफिसातली मंडळी काळी-पिवळी टोपी घालून यायला लागली. हंगाम संपला तेव्हा हिशोब झाला ७६ विजय आणि ८६ पराभव. म्हणजे त्या २८ सामन्यांनंतर ५६-७८. माझे शेजारी अजूनही १९७९च्या वर्ल्ड सिरीजवर, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीवर जगतात, कारण त्यानंतर पायरेट्सने ती जिंकलेलीच नाही. त्या एप्रिलमध्ये मी त्यांना विचारलं, "काय म्हणता, यंदा?" ते म्हणाले, "जुलैत विचार."

जुलैपर्यंत गप्प बसणं मला जमत नाही. म्हणून मी वही ठेवते. मिलवॉकी, कॅन्सस सिटी, सिनसिनाटी, टॅम्पा, पिट्सबर्ग या शहरांच्या संघांपैकी कुणाच्याही प्रेमात पडला असाल, तर ही वही तुमच्याही कामाची आहे.

आधी गरीब म्हणजे काय, ते थोडक्यात. बेसबॉलमध्ये पगाराच्या एकूण खर्चाला कडक मर्यादा नाही, एका रकमेच्या वर गेलात तर कर भरावा लागतो एवढंच. आणि कमाईतला मोठा वाटा येतो स्थानिक टीव्हीतून. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी २०१३ मध्ये केलेला टीव्ही करार २५ वर्षांसाठी ८.३५ अब्ज डॉलरचा होता. मिलवॉकीला, म्हणजे ३० संघांमधल्या सगळ्यात लहान बाजारपेठेला, असा करार कोण देणार? संघ आपल्या स्थानिक उत्पन्नातले ४८ टक्के एका सामाईक गंगाजळीत टाकतात आणि ते सगळ्यांत सारखे वाटले जातात, पण त्याने दरी थोडी कमी होते, बुजत नाही. त्यामुळे लहान शहरातल्या संघाला तरुण पोरं घडवायची आणि सहा वर्षांनी ती मोकळी होऊन मोठ्या शहरात जायच्या आत काय ते करून घ्यायचं, एवढाच रस्ता उरतो.

आता वही. जय-पराजय लिहायचेच, पण त्यांच्या शेजारी दोन रकाने आखा: केलेले रन आणि दिलेले रन. माझ्या मते एप्रिलमध्ये याच्याइतका कामाचा दुसरा आकडा नाही. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांनी यासाठी एक सोपं सूत्र बसवून दिलं आहे. केलेल्या रनांचा वर्ग करा. त्याला केलेल्या आणि दिलेल्या रनांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. उत्तराला सामन्यांच्या संख्येने गुणा. इतके सामने तुम्ही 'जिंकायला हवे होते'. समजा संघ १४-८ वर आहे, ९५ रन केलेत आणि ९२ दिलेत. ९५चा वर्ग ९०२५, ९२चा ८४६४, बेरीज १७४८९. भागाकार ०.५१६. बावीसने गुणलं की साधारण ११. म्हणजे चौदातले तीन विजय देवाच्या कृपेचे. ते परत कुणी घेत नाही, पण पुढच्या बावीस सामन्यांत तशीच कृपा गृहीत धरू नका.

आता खरं उदाहरण घ्या. २०२३च्या टॅम्पा बे रेजने पहिले १३च्या १३ सामने जिंकले. १९०१ नंतर इतकी लांब सुरुवात त्याआधी फक्त १९८२चे अटलांटा ब्रेव्ह्ज आणि १९८७चे मिलवॉकी ब्रूअर्स यांनीच केली होती. रेजने त्या तेरा सामन्यांत १०१ रन केले आणि ३० दिले. सूत्रात घालून बघा, उत्तर येतं जवळपास १२. पहिले नऊ विजय तर प्रत्येकी किमान चार रनांनी होते. संघ खरंच चांगला असला की रकाना असा दिसतो. हंगामअखेर ते ९९-६३ होते.

पण त्याच तेरा सामन्यांना दुसरी बाजू आहे, आणि त्यासाठी तिसरा रकाना लागतो: समोर कोण होतं? डेट्रॉइट, वॉशिंग्टन, ओकलंड आणि बॉस्टन. वर्षअखेर या चौघांपैकी एकानेही निम्मे सामने जिंकले नव्हते, आणि ओकलंडने तर तब्बल ११२ गमावले. आता वेळापत्रकात आपल्या डिव्हिजनमधल्या, म्हणजे पाच संघांच्या गटातल्या, प्रत्येक संघाशी १३ वेळा गाठ पडते, त्यामुळे दुबळ्या डिव्हिजनमध्ये असाल तर हा आनंद वर्षभर पुरतो. नसाल तर एप्रिलमधले पाहुणे कोण होते ते पेन्सिलीने लिहा आणि जूनमध्ये पुन्हा तपासा, कारण एप्रिलमध्ये कोण दुबळं आहे हेही कुणाला नीटसं माहीत नसतं.

एका रनाने निकाल लागलेल्या सामन्यांभोवती मी गोल करते. वर्तमानपत्रवाले अशा विजयांना जिगर, जिद्द वगैरे नावं देतात. मला तो पुरावा पुरत नाही. २०१२ साली बाल्टिमोर ओरिओल्सने असे २९ सामने जिंकले आणि फक्त ९ हरले, त्यावर ९३ विजयांपर्यंत मजल मारली आणि प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, तीही गाठली. पूर्ण हंगामात त्यांचे रन प्रतिस्पर्ध्यांपेक्षा फक्त सातने जास्त होते. पुढच्या वर्षी मॅनेजर तोच होता, बरेचसे खेळाडूही तेच. अशा सामन्यांतला हिशोब मात्र २०-३१. जिगर हिवाळ्यात कुठे गेली होती?

बॅटरांच्या बाबतीत सरासरीकडे पाहूच नका. एप्रिलअखेर रोज खेळणाऱ्याच्या वाट्याला शंभर-सव्वाशे वेळा बॅटिंग आलेली असते, आणि एवढ्यात .३५० सरासरी असलेला (म्हणजे शंभरात पस्तीस हिट मारणारा) माणूस खरोखर .२५०चा असू शकतो. त्याऐवजी तो किती वेळा स्ट्राइकआउट होतो, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होतो, ते बघा. हा आकडा साधारण ६० वेळा बॅटिंग झाली की भरवशाचा व्हायला लागतो. वॉकचा (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणाऱ्या पहिल्या बेसचा) आकडा दुप्पट वेळ घेतो, म्हणजे एप्रिल संपता संपता तोही हाताशी येतो. बॅटला लागून मैदानात राहिलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरले, ती सरासरी मात्र बसायला आठशेच्या आसपास चेंडू लागतात, म्हणजे एका हंगामातही ती पुरती बसत नाही. लीगभरात ती .३००च्या आगेमागे असते. तुमच्या शॉर्टस्टॉपची .४२० दिसली, तर त्याचे चेंडू सध्या फिल्डरांच्या मधून जाताहेत. जाऊ देत बिचारे, पण त्याच्या नावाची जर्सी घ्यायला धावू नका. गेल्या वर्षी पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवणारा पोरगा यंदा बाहेर वळणारा चेंडू (स्लायडर) सोडून देतोय असं दिसलं, तर ते ठळक अक्षरात लिहा. सुधारणा तिथे असते.

थंडीचाही हिशोब ठेवा. एप्रिलच्या रात्री पायरेट्सच्या मैदानात, पीएनसी पार्कमध्ये, लोक गोधड्या पांघरून बसतात. डाव्या-मधल्या बाजूला भिंत ४१० फुटांवर आहे, त्यामुळे तिथे उंच उडालेला चेंडू जड होऊन फिल्डरच्या हातात उतरतो आणि स्टेडियमभर एक लांब 'अरेरे' पसरतो. उजवीकडे आमचा जुना महान खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याच्या २१ क्रमांकावरून बांधलेली २१ फुटी भिंत आहे. तिला आदळून परत येणारे फटके जुलैच्या उकाड्यात थोडे लांब जातात. तेव्हा उत्तरेकडच्या उघड्या मैदानावर खेळणाऱ्या संघाच्या पिचरांचे एप्रिलचे आकडे दिसतात त्यापेक्षा थोडे वाईट धरा आणि बॅटरांचे थोडे चांगले.

पिचरांचं पान सगळ्यात मोठं ठेवा, कारण लहान संघाचं घोडं पेंड खातं ते इथेच. पाच स्टार्टरवर, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरांवर, हंगामाचे १६२ सामने कुणाचेच निघत नाहीत. प्रश्न असतो सहावा, सातवा, आठवा कोण. श्रीमंत संघ तो विकत आणतो. आपल्याकडे तो ट्रिपल-एमध्ये, म्हणजे एक पायरी खालच्या लीगमध्ये, वनवासात असतो आणि त्याचा कंट्रोल कसा आहे हे कुणी विचारू नये अशी परिस्थिती असते. रेजचंच बघा. तेरावा विजय मिळाला त्याच सामन्यातून जेफ्री स्प्रिंग्ज दुखापत घेऊन बाहेर पडला आणि कोपराची शस्त्रक्रिया झाली. मेमध्ये ड्रू रॅसमुसेन गेला, ऑगस्टमध्ये शेन मॅक्लॅनहन. तरी ९९ विजय आले, पण डिव्हिजन १०१ जिंकणाऱ्या बाल्टिमोरने नेली आणि वाइल्ड कार्ड फेरीत, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या फेरीत, टेक्सासने रेजना सरळ दोन सामन्यांत घरी पाठवलं. म्हणून दर आठवड्याला आपल्या पाच स्टार्टरांचा वेग आणि टाकलेल्या इनिंग्ज टिपा. फास्टबॉल दीड-दोन मैलांनी उतरला आणि मॅनेजर "सगळं ठीक आहे" म्हणाला, तर मॅनेजरचं ऐकू नका. बुलपेनमधून, म्हणजे बदली पिचरांच्या ताफ्यातून, तेच दोन पिचर आठवड्यातून चार-चार वेळा बाहेर येत असतील, तर त्याची किंमत ऑगस्टमध्ये चुकवावी लागते.

मालकाचं पान बहुतेक वेळा कोरं राहतं, तरी आखा. मला इथे दोन गोष्टी पाहायच्या असतात: हिवाळ्यात काय केलं आणि जुलैअखेर खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपताना काय करणार. कॅन्सस सिटी रॉयल्स २०२३ मध्ये ५६-१०६ होते. त्या हिवाळ्यात त्यांनी सेथ लूगो आणि मायकल वाखा हे दोन अनुभवी स्टार्टर घेतले, बॉबी विट ज्युनियरला ११ वर्षांसाठी २८८.७ दशलक्ष डॉलर दिले. २०२४ मध्ये ८६-७६, प्लेऑफ, आणि मुदतीच्या आत बुलपेनसाठी ओकलंडहून लुकस एर्सेग. त्याच कॅन्सस सिटीने २००३ मध्ये १६-३ अशी झकास सुरुवात करून ८३-७९ वर हंगाम संपवला होता, आणि वर्षभरात केलेल्या रनांपेक्षा दिलेले जास्त होते. रनांच्या रकान्यांनी ते सांगितलं असतं.

उलटंही होतं. २०२५चे ब्रूअर्स पहिले चारही सामने वाईट रीतीने हरले, आणि ९७-६५ करून तीसही संघांत पहिले आले. त्यामुळे मेअखेरच्या मेमोरियल डेच्या आधी वहीतून निकाल काढू नका. तोवर पन्नासेक सामने झालेले असतात.

मग एप्रिलच्या विजयांना काहीच किंमत नाही का? आहे, आणि ती वजाबाकीने काढायची. तीस संघ दोन लीगमध्ये विभागलेले आहेत आणि २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ प्लेऑफला जातात, त्यामुळे शंभर विजयांची गरज उरलेली नाही. २०२३ मध्ये ॲरिझोना ८४-७८ वर आत शिरले आणि थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले. आपण ८६ धरू. संघ १८-९ वर असेल तर उरले १३५ सामने आणि हवेत ६८ विजय. म्हणजे आता निम्म्याला निम्मं खेळलं तरी पुरतं. आमच्या २०२३च्या पायरेट्सना तर ८४ गाठायला १३४ पैकी ६४च हवे होते, पण मिळाले ५६. तेव्हा वहीच्या वरच्या कोपऱ्यात 'उरलेले सामने' आणि 'हवे असलेले विजय' एवढे दोनच आकडे लिहा आणि दर सोमवारी खोडून नवे घाला. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा खाली राहतोय तोवर तिकिटं काढत राहा. मेमधल्या आठवड्यातल्या दुपारच्या सामन्याची काढा. तेव्हा गर्दी कमी असते आणि बुलपेनच्या जवळची जागा मिळते. कोण दंडाला बर्फ लावून बसलाय ते तिथून दिसतं.