शिवराक जेवण, लांबची डोंगरवाट आणि घरात दोन पोरं

आमच्या गोव्यातल्या साखळीच्या घरात सोमवारी आणि श्रावणात चूल शिवराक, म्हणजे शाकाहारी, एरवी सासूबाईंचं हुमण, म्हणजे माशांची आमटी. मी मात्र बारा महिने शिवराक, तेही दूध-तूप वगळून, आणि डोंगरात तीस-चाळीस किलोमीटर धावणारी. मुलगी बालवाडीत जाते, धाकटा अजून कडेवर. हे सगळं जमवायचं तर पहिला नियम असा: स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक मांडायचा नाही. ओल्या खोबऱ्याचं वाटण एकदाच करायचं, तिरफळंही तीच. अर्ध्यात बांगडे पडतात, अर्ध्यात उकडलेले अळसांदे, म्हणजे आमच्याकडची चवळी. तिखट घालायच्या आधी पोरांची वाटी बाजूला काढायची. महागडे प्रोटीनचे डबे आणून कपाट भरण्यापेक्षा आठवड्याचे अळसांदे, कुळीथ आणि मूग रात्रीच भिजत घालायची सवय लावा.

हिशोब सोपा आहे. साठ ग्रॅम कोरड्या अळसांद्यांत साधारण चौदा ग्रॅम प्रथिनं आणि मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम शेंगदाण्यांत सात. लांब धावून आल्यावर अळसांद्यांचं तोंडाक (पातळ उसळ), दोन पोया (गोव्याचे कोंड्याचे पाव) आणि वर दाणे एवढं पोटात गेलं की काम झालं. तांबडी भाजी किंवा कुळथाच्या पिठीबरोबर लिंबू पिळा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणानंतर तासभर तरी लांब ठेवा, तो लोह शोषू देत नाही. गोंयकाराला हे सांगणं जिवावर येतं, पण सांगते.

ताटातून मिळत नाही ते जीवनसत्त्व बी-12. सोलकढी, आंबवलेली आंबोळी, मशरूम, कशावरही त्यासाठी भरवसा ठेवू नका. गोळी घ्यायचीच: रोज किमान 10 मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा 2000. मासे सोडलेत तर आयोडीनचं मीठ सोडू नका. वर्षातून एकदा रक्तातलं बी-12 आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या. अंगावर पाजत असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण बाळाचं बी-12 तुमच्या दुधातूनच जातं. बाळंतपणानंतर धावायला किमान तीन महिने थांबा आणि डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. पाजून निघालात तर छातीचं ओझं कमी होतं, शिवाय परत येईपर्यंत घरच्यांना थोडी शांतता. माझी पोरं मासे आणि दूध दोन्ही खातात. माझा नेम मी त्यांच्या ताटात घालत नाही, त्यावरून कुणी मला कच्ची ठरवलं तरी चालेल.

आता शिवराक माणसाची खरी अडचण, जी फारसं कुणी बोलत नाही: चोथा. खतखते (अनेक भाज्यांचं कालवण), कडधान्यं, पालेभाज्या रोजच्या जेवणात सोन्यासारख्या, पण लांब धावण्याच्या आदल्या रात्री त्या पोटात असल्या तर चोर्ला घाटाच्या चढावर झाडोरा शोधावा लागतो. आदल्या दिवशी दुपारपासून कडधान्य बंद. रात्री उकड्या तांदळाची मऊ पेज, बटाटा, मीठ, जमल्यास पोळीचा तुकडा. खतखते धावून आल्यावर. पहाटे निघण्याआधी नाचणीचं तिजाण: नाचणी भिजवून वाटायची, गाळून गूळ घालून शिजवायची, नारळाचा रस अगदी बेताचा, कारण स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतो. हेच तिजाण दाट करून वड्या पाडल्या की सकाळी पोरांचा नाश्ता. टोपही एकच घासायचं.

दीड तासाच्या आत परतणार असाल तर खिशात काही नको. त्यापुढे तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात. तीस ग्रॅम गुळात जवळजवळ तेवढीच असतात, एका मध्यम केळ्यात पंचवीसेक. माझ्या खिशात माडाचं गोड (माडाचा गूळ) आणि सुकेळी (सुकवलेली केळी). सुकेळी घामाने भिजली तरी खाता येतात, चॉकलेटचा चिखल होतो. पाण्याच्या बाटलीत कोकमाचं आगळ (मीठ घातलेला दाट रस) आणि चिमूटभर साखर. आगळ आधीच खारट असतं, म्हणून वरून मीठ घालण्याआधी चाखा. एप्रिलच्या दमट उन्हात नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि चक्कर येते. शर्यतीत खायचं ते सगळं आधी सरावात खाऊन बघा, पोटालाही शिकवावं लागतं.

वेळेचं गणित नवऱ्याशी. त्याचा फुटबॉल आणि माझा डोंगर आलटून-पालटून रविवारी, आणि यात सासूबाईंना गृहीत धरायचं नाही. आठवड्यात मुलीला बालवाडीत सोडून तसंच पुढे धावायचं, ऑफिसच्या आधी तासभर. चढाचा सराव हवा तर केरीला अंजुणे धरणाच्या बाजूने वर. अंधारात जंगलात शिरू नका. गवे आणि अस्वलं इथल्या सत्तरी तालुक्यात खरोखर आहेत, म्हणून फटफटल्यावरच निघा. म्हादई अभयारण्याच्या आत जायला वनखात्याची परवानगी लागते. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा डांबरी घाटच बरा.

पोरं असलेल्यांनी माकडताप विशेष ध्यानात ठेवावा. 2015 पासून सत्तरीत त्याचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून येतो आणि हिवाळा ते उन्हाळा हे त्याचे दिवस. लांब मोजे, पायाला गोचिडी दूर ठेवणारं तेल, आणि वाटेत मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. घरी आलं की धाकटा धावत येतो, पण आधी कपडे दारातच काढून गरम पाण्यात, काखा, गुडघ्यामागचा भाग आणि केस तपासायचे, आंघोळ, मगच त्याला उचलायचं. त्याला हे समजत नाही, तो रडतो. रडू दे.

शर्यतीच्या दिवशी घरचे मधल्या थांब्यावर येणार असतील तर सुकेळ्यांच्या पुड्या दोन बांधा, एक त्यांच्या नावाची. तुमची पुडी नवऱ्याच्या खिशात ठेवली तर तुम्ही पोहोचेपर्यंत ती पोरांच्या पोटात गेलेली असते.